खाऱ्या पाण्यातली घाई

खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक घरात आणायचा ठरला की चर्चा सुरू होते ती सामानाची. काच किती एमएमची घ्यायची, लाइट कुठला, प्रोटीन स्किमर केवढा, वेव्हमेकर एक पुरेल की दोन. ही चौकशी रास्तच आहे आणि तिच्यापायी पैसाही भरपूर जातो. पण नवा टँक फसतो तो बहुधा सामानामुळे नव्हे. ज्या वेगाने आपण त्यात मासे सोडतो, त्या वेगाने त्यांची घाण पचवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत, म्हणून तो फसतो. टँकची क्षमता काचेच्या मापावर ठरत नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवांवर ठरते. आणि त्यांची वाढ पैसे टाकून फारशी घाईवर आणता येत नाही. खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल सांगितले जाणारे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, असे माझे म्हणणे आहे.

आकडे मांडून पाहू. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण 45 टक्के प्रथिने असतात. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात 450 मिलिग्रॅम प्रथिने, आणि त्यात सुमारे 70 मिलिग्रॅम नायट्रोजन. यातला काही भाग माशाच्या अंगी लागतो. उरलेला, म्हणजे निम्म्याहून बराच जास्त, तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. शंभर लिटरच्या टँकमध्ये रोज एक ग्रॅम खाद्य पडले, तर रोज लिटरमागे जवळपास अर्धा मिलिग्रॅम अमोनियाची भर पडते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे माशाला फारसे बाधत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुठले रूप किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास असतो, आणि तिथे हाच वाटा सहा-सात टक्क्यांवर जातो. घाण तेवढीच, विष मात्र बारा-तेरा पट. लिटरमागे 0.02 मिलिग्रॅम मुक्त अमोनियासुद्धा बरा नव्हे असे मत्स्यपालनात मानतात; आपल्या हिशेबातला टँक ती मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडतो. गप्पी आणि मॉली वर्षानुवर्षे उत्तम सांभाळलेला माणूस खाऱ्या पाण्यात येऊन पहिल्या आठवड्यात तोंडघशी पडतो, त्याचे कारण त्याचा हलगर्जीपणा नसतो. त्याच्या सवयी वेगळ्या पाण्यात घडलेल्या असतात.

या विषाची विल्हेवाट दोन टप्प्यांत लागते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी; पाणी बदलून किंवा शेवाळाला खाऊ घालून ते कमी ठेवता येते. हे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले, आणि त्यांचे वागणे तेव्हापासून कोड्यात टाकणारे ठरले आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रीकरण करणाऱ्यांना दुप्पट व्हायला सात-आठ तास, बरेचदा पूर्ण दिवस लागतो. अमोनिया जाळून त्यांना ऊर्जा अगदी थोडी मिळते, आणि त्या थोडक्या ऊर्जेवर त्यांना शरीराचा सगळा कार्बन पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळवावा लागतो. गरिबीचा संसार आहे हा, तो सावकाशच चालणार. नव्या टँकला सुरुवातीला चार ते सहा आठवडे मोकळे ठेवायला सांगतात, ते या हिशेबाने.

या आठवड्यांत टँक रिकामा ठेवायचा म्हणजे उपाशी ठेवायचा नाही. खायला काही नसेल तर जिवाणू वाढणार कशावर? म्हणून मीठ घातलेल्या पाण्यात, दगड-वाळू मांडून, पंप चालू ठेवून, अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मग रोज नाही तरी दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजत राहायचे. आधी अमोनियाचा रंग फिका पडू लागतो आणि नायट्राइट वर चढते. नायट्राइट बरेच दिवस अडून बसते, मोजणाऱ्याचा धीर सुटतो तो इथेच. मग एक दिवस तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. दोन मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टँक पहिला मासा घ्यायला तयार आहे असे समजायचे. कॅलेंडर पाहून ठरवायचे नाही. कुणाचा टँक तीन आठवड्यांत तयार होतो, कुणाचा आठ घेतो.

यावर दुकानात हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की आता बाटलीतले जिवाणू मिळतात, बाटली ओता आणि त्याच दिवशी मासे सोडा. बाटलीतले जिवाणू थोतांड आहेत असे मी म्हणणार नाही. चांगल्या, शिळ्या न झालेल्या आणि उन्हात न तापलेल्या बाटलीने आठवडे नक्की वाचतात. पण ते विरजण आहे. पातेलंभर दूध विरजायला वेळ लागतोच, आणि विरजण मेलेले निघाले तर ते दूध नासल्यावरच कळते. बाटली ओतूनही अमोनिया घालून चाचणी घ्यायला दोन दिवस पुरतात, तेव्हा ती न घेण्याला काही सबब नाही. दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: आम्ही पहिल्या दिवशी डॅमसेल मासे सोडले आणि ते जगले. जगले असतील. डॅमसेल चिवट असतात, म्हणूनच एके काळी त्यांना जिवंत अमोनियायंत्र म्हणून वापरायची रीत होती. पण जगणे म्हणजे इजा न होणे नव्हे, आणि या रीतीचा दुसरा तोटा अधिक व्यावहारिक आहे. डॅमसेल भांडकुदळ असतो. टँक आधी त्याच्या ताब्यात गेला की नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला तो कोपऱ्यात दाबतो, आणि दगडांची रचना मोडल्याशिवाय त्याला बाहेर काढता येत नाही.

पाणी आधी, प्राणी नंतर ही समज काही आजची नाही. 1846 मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्की इथे काही लहान प्रवाळ गोळा करून लंडनला आणले. तेव्हा ना पंप होता ना कृत्रिम मीठ. समुद्राचे पाणी सारखे मागवणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून होते तेच पाणी त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे, रोज अर्धा-पाऊण तास. पुढच्या वर्षी त्यांनी शेवाळ लागलेले दगड भांड्यात ठेवले आणि प्रवाळ सुमारे तीन वर्षे टिकवले. म्हणजे हवा मिसळणे आणि दगडावरचे सूक्ष्म जीवन, या दोन गोष्टींवर त्यांचे काम चालले. आजचे वेव्हमेकर आणि छिद्रांचे दगड नेमके तेच करतात, फक्त मोलकरणीचे हात सुटले आहेत.

पाण्याचा विषय निघाला की कोकणातला किंवा मुंबईतला माणूस विचारतो, समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत कशाला घ्यायचे? प्रश्न सरळ आहे. मोठ्या मत्स्यालयांना समुद्राचे पाणी परवडते, कारण त्यांच्याकडे ते निवळायला, गाळायला आणि तपासायला टाक्या आणि माणसे असतात. घरी ते नसते. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्याने खारटपणा असा उतरतो की जूनमधले आणि ऑगस्टमधले पाणी वेगळ्या समुद्रांतले वाटावे. प्रवाळाला हवे असते ते स्थिर पाणी: हजारात 35 भाग क्षार, म्हणजे 25 अंशांना सापेक्ष घनता 1.026 च्या जवळ. त्या 35 भागांत आपले स्वयंपाकाचे मीठ सुमारे 85 टक्के असते, आणि टँकला जगवणारे किंवा मारणारे बाकीच्या 15 टक्क्यांत असते: मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. म्हणून पिशवीतले सागरी मीठ घ्यायचे आणि ते आरओ-डीआयच्या, म्हणजे आरओने गाळून रेझिनने उरलेले क्षार काढलेल्या, पाण्यात कालवायचे. घरातला पिण्याचा आरओ अर्धेच काम करतो. डीआयचे रेझिन जोडले की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप, शून्यावर येतो. बोअरच्या पाण्यातले सिलिकेट आणि फॉस्फेट, नळाच्या पाण्यातले क्लोरीन, जुन्या पाइपातले तांबे, हे सगळे इथेच अडवायला हवे. नंतर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

बाष्पीभवनाची गोष्ट नवशिक्याला सर्वात उशिरा कळते. पाणी उडते, मीठ उडत नाही. शंभर लिटरच्या उघड्या टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला लिटर-दोन लिटर सहज जाते, आणि प्रत्येक लिटरमागे खारटपणा एक टक्क्याने चढतो. ही भरपाई साध्या गोड्या शुद्ध पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. आठवडाभर बाहेरगावी गेलेल्या माणसाच्या शेजाऱ्याने भल्या मनाने बादलीतले मीठपाणी ओतत राहावे आणि परतल्यावर गोगलगायी मेलेल्या मिळाव्यात, असे होते ते यामुळेच. टँक लहान असेल तर प्रत्येक चूक मोठी होते. स्वस्त पडतो म्हणून नवशिके चाळीस लिटरचा डबा निवडतात. प्रत्यक्षात दीडशे-दोनशे लिटरचा टँक सांभाळायला सोपा, कारण एवढ्या पाण्यात तापमान आणि खारटपणा सावकाश बदलतात. फक्त स्टँड आणि जमीन तपासायची. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर दगड आणि काच वेगळे.

आपल्याकडे तापमानाला आणखी एक पदर आहे. प्रवाळांना 25-26 अंश मानवतात. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी जास्त राहिला आणि तो काही आठवडे टिकला, तरी प्रवाळ आपल्या पेशींतले शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाण्यावर पंखा लावून बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवता येतात, पण हा उपाय पुण्या-नागपुरात जितका चालतो तितका रत्नागिरीत चालत नाही, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही. किनाऱ्यावर चिलरला पर्याय कमीच. शिवाय वीज. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, 26 अंशांना लिटरमागे सात मिलिग्रॅमपेक्षाही थोडा कमी. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडले की तो झपाट्याने उतरतो, आणि माशांबरोबर ते जिवाणूही गुदमरतात, कारण त्यांचे सगळे काम प्राणवायूवर चालते. महागडा लाइट घेण्याआधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतलेला बरा.

दगडांकडे येऊ. परदेशी पुस्तकांत लाइव्ह रॉकचे गोडवे असतात: समुद्रातून काढलेला, जिवाणूंनी आणि बारीक जिवांनी भरलेला प्रवाळखडक, जो टँकमध्ये ठेवला की महिन्याचे काम आठवड्यात होते. खरे आहे. पण भारतात हा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणे योग्य आहे. खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणला पाण्यात डुंबताना उचललेला तुकडाही यात येतो, आणि तो मेलेला सांगाडा होता ही सबब चालत नाही. मुंबईत कोस्टल रोडचे काम चालू असताना 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती वनखात्याची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे. तेव्हा आपल्याकडे सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड वापरायचे आणि ते आपल्या गतीने जिवंत होऊ द्यायचे.

कोरड्या दगडाची किंमत चुकवावी लागते ती कुरूप महिन्यांनी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी धूळ बसते. ते डायटम, पाण्यातले सिलिकेट खाऊन वाढलेले. ते सरले की लालसर-जांभळी चिकट साय येते, ती सायनोबॅक्टेरियाची. मग हिरव्या केसांसारखे शेवाळ. मोकळ्या जागेवर जो आधी पोहोचेल तो वस्ती करतो, आणि स्थिर, सावकाश वाढणारे जीव नेहमी शेवटी पोहोचतात. या टप्प्यावर माणूस औषधांच्या बाटल्या आणतो, दगड काढून घासतो, लाइट बदलतो, आणि प्रत्येक वेळी घड्याळ पुन्हा मागे नेतो. घाई सर्वात जास्त नडते ती इथे. लाइटचे तास कमी करावेत, खाद्य आवरते घ्यावे, शेवाळ चरणाऱ्या थोड्या गोगलगायी सोडाव्यात आणि दगडांवर गुलाबी-जांभळे कडक ठिपके दिसायची वाट पाहावी. ते कोरलाइन शेवाळ. ते आले की टँकचे बस्तान बसू लागले.

मासे कुठल्या क्रमाने सोडायचे यालाही तोच हिशेब लागतो. एक किंवा दोन मासे सोडले की घाणीचा पुरवठा एकदम वाढतो आणि जिवाणूंना त्या पातळीला यायला दोन-तीन आठवडे लागतात; तोवर पुढचा मासा नको. सुरुवातीला पैदास केलेल्या क्लाउनफिशची जोडी उत्तम. नर-मादी ओळखायची चिंता नसते, कारण ही सगळी पिल्ले नर म्हणूनच वाढतात. दोघांत जो मोठा तो पुढे मादी होतो. फक्त एक लहान आणि एक मोठा असे घ्यायचे, म्हणजे भांडण लवकर मिटते. 2003 च्या ‘फाइंडिंग नीमो’मुळे घरोघरी हवी असलेली निळी टँग, म्हणजे डोरी, मोठी होऊन फूटभर लांब होते, तिला दोनशे लिटरमध्ये ठेवणे हा अन्याय आहे. मँडरिन मासा दिसायला इतका देखणा, की दुकानातून त्याला न घेता बाहेर पडणे कठीण. पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी टिपत असतो, आणि नव्या टँकमध्ये ते नसतात. पाणी काचेसारखे स्वच्छ असूनही तो महिनाभरात उपासमारीने मरतो. समुद्रफुलाचेही तसेच, क्लाउनफिशला त्याची गरज नसते, आणि त्याला मात्र सहा महिने ते वर्षभर मुरलेला टँक लागतो.

प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवावा, हा नियम सांगितला सगळ्यांना जातो आणि पाळला फार थोड्यांकडून. क्रिप्टोकॅरियन नावाचा परजीवी माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठवतो, मग गळून वाळूत कोश करून बसतो. त्यावर तांब्याचे औषध चालते, पण तेच तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारते, त्यामुळे मुख्य टँकमध्ये ते घालता येत नाही. एकदा रोग आत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. पाहुण्याला वेगळ्या टाकीत महिनाभर थांबवणे त्या मानाने स्वस्त.

प्रवाळांचे गणित थोडे निराळे. ते सांगाडा बांधतात तेव्हा पाण्यातला कॅल्शियम आणि क्षारता ठरावीक प्रमाणात ओढतात: लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम गेला की क्षारता 2.8 डीकेएचने (हे क्षारतेचे एकक) उतरते. कॅल्शियमच्या सवाचारशेतून वीस गेले तर कळतही नाही, पण क्षारतेच्या आठातून जवळजवळ तीन गेले म्हणजे संकट. म्हणून क्षारता दर दोन-तीन दिवसांनी मोजायची. नव्या टँकमध्ये मोजणी स्थिर राहते, कारण ओढणारे कुणी नसते. कठीण प्रवाळ आले की ती रोज उतरू लागते आणि रोज भरावी लागते. ती शिस्त अंगवळणी पडेपर्यंत मऊ प्रवाळांवर भागवावे. त्यातल्या झोआन्थिडना मात्र हातमोज्यांशिवाय शिवू नये, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते आणि त्याच्या वाफेने घरातली माणसे इस्पितळात गेल्याच्या नोंदी आहेत.

शेवटचा आक्षेप सर्वात वजनदार: एवढे करून समुद्रातला जीव काचेत ठेवायचा हक्क आपल्याला आहे का? या व्यापाराचा इतिहास पाहता प्रश्न झटकता येत नाही. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सायनाइडची फवारणी होत आली. मासा गुंगतो, भोवतालचे प्रवाळ मरतात. इंडोनेशियातल्या बांगाई द्वीपसमूहातच सापडणारा बांगाई कार्डिनल या व्यापारामुळे 2007 मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत गेला. पण हाच मासा टाकीत सहज वाढतो; नर अंडी तोंडात सांभाळतो आणि पिल्ले चांगली मोठी झाल्यावर सोडतो. क्लाउनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने भारतातच साधली आहे. म्हणजे समुद्राला हात न लावता भरलेला टँक शक्य आहे, फक्त त्यात दहा-बारा जाती बसतात, शंभर नाही. सावकाश भरणाऱ्याला तेवढ्या पुरतात. पहिल्या महिन्यात टँक गच्च दिसायला हवा असणाऱ्यालाच समुद्रातून पकडलेल्या माशांची गरज भासते, आणि त्याचेच मासे सर्वात जास्त मरतात.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी विचारा: हा मासा पैदाशीचा की पकडलेला, आणि प्रवाळ असेल तर आयातीची कागदपत्रे कुठे आहेत. कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे. धड उत्तर मिळाले नाही, तर रिकाम्या हाताने घरी या.